काय विशेष

वैजू, बस गे. परशराम, तू पण बस गा,
माग बंद करून आलास ना, मग उठू नकोस.
हे काम दोघांचं आहे.

चौतीस वर्षं खानापूरच्या सरकारी दवाखान्यात काढली.
पोट पुढं आलेल्या बायका पाहिल्या,
त्याहून जास्त पाहिल्या
बाकड्यावर पदराचं टोक पिळत बसलेल्या.
म्हणून लाज सोडून बोलतो.

ही गोळी घे. फॉलिक ॲसिड. पिवळी, बारीक.
पाळी चुकल्यावर नव्हे, आजपासून, रोज.
रक्त तपासून घे, थायरॉईड, साखर, सगळंच.
आणि तू, खिशातली ती पुडी इथं टेबलावर ठेव.
निपाणीचा जर्दा निपाणीलाच बरा.
पुरुषाचं बी तयार व्हायला तीन महिने लागतात,
आज सोडलास तर दिवाळीला कामाला येईल.
हसू नकोस. खरं आहे.

तुमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं आहेत,
एक पतसंस्थेचं मराठी,
एक खडेबाजारच्या साडीवाल्याचं कन्नड.
खुणा कन्नडवर कर.
सासूला कानडी येतं भाजीवालीशी भांडण्यापुरतं,
आकडे वाचता येत नाहीत.
पाळीच्या पहिल्या दिवशी टिंब.
अठ्ठावीस दिवसांची असेल तर
दहाव्यापासून पंधराव्यापर्यंत गोल, दिवसाआड, पुरे.
हदिनाल्कु म्हणजे चौदा, एवढं पाठ असू दे.

आणि गोल नसलेल्या रात्रीही
जवळ झोपा. उगीच. कशासाठी नव्हे असं.
नाहीतर नवरा-बायको उरत नाहीत,
हजेरीपट उरतो.

लोक विचारणारच. नळावर, बारशात, बसच्या रांगेत.
मराठीत विचारतील, "काय विशेष?"
कानडीत विचारतील, "एनु विशेष?"
पाट्यांवरून, शाळांवरून, बसच्या रंगावरून
इतकी वर्षं भांडतंय हे गाव,
या एका प्रश्नावर मात्र दोन्ही भाषांचं एकमत.
सांगायचं, आमटीत मीठ जास्त झालं,
तेवढंच विशेष.
आणि पुढं चालू लागायचं.

एखाद्या महिन्यात पाळी येईल. येतेच.
तेव्हा, परशराम, तू मागावर काय करतोस?
तार तुटली की माग थांबवतोस,
टोकं शोधतोस, गाठ मारतोस.
तारेला शिव्या देतोस काय?
देतोस?
बरं. मग मागाला दे. हिला नको.
हिच्यासाठी चहा ठेव, आलं घालून,
आणि त्या दिवशी काही बोलू नकोस.

वर्ष जाऊ दे. वर्षानंतर डॉक्टरकडं,
पहिल्या दिवशीच दोघं.
बाटली हातात घेऊन खोलीत जायला लाजलेले पुरुष
मी फार पाहिले,
त्यांच्या बायकांची तोवर तीन ऑपरेशनं झालेली.
सौंदत्तीला नवस बोलायचा तर बोला,
रिपोर्ट आणून झाल्यावर.

आमच्या भिंतीवर अकरा वर्षं गोल होते.
मग यांनी एका सकाळी ती पेन्सिल घेतली,
ब्लेडनं नीट टोक काढलं,
माझ्या हातात देऊन म्हणाले,
"वाण्याची यादी लिही. साखर संपलीय."
मी लिहिली.
त्या दिवसापासून बऱ्या झालो आम्ही दोघं,
कशातून ते आजही नीट सांगता येत नाही.

घाबरू नका. बहुतेकांचं वर्षभरात होतं,
तुमचंही होईल, नाही झालं तर बघू,
मी वडगावातच आहे,
तिसऱ्या गल्लीत, पिठाच्या गिरणीमागं.

हा डबा न्या. शेंगापोळ्या आहेत.
सासू म्हणेल, रिकामं भांडं परत देऊ नये गे,
चिमूटभर साखर तरी घाल.
माझा रिकामाच पाठव.
धुऊन, पुसून, झाकण लावून.
मला चालतंय.